कमलताई आणि बिळातली सासू

कमलताईंचं आडनाव मला आजही माहीत नाही. दोन हिवाळे आम्ही शेजारी राहिलो, मध्ये फक्त एक लाकडी कुंपण, तरीही नाही. मराठी माणसाच्या शेजारी दोन हिवाळे राहून त्याचं आडनाव कळू नये ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. आपण समोरच्याच्या ताटात काय वाढलंय ते नंतर बघतो, आडनाव आधी.

महासाथीचं पहिलं वर्ष होतं. सिडनीच्या पॅरामॅटा उपनगरातलं माझं ऑफिस लॅपटॉपसकट घरी आलं होतं आणि माझ्या बायकोचं, अदितीचंही. गिरावीनच्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकाच वेळी दोन मीटिंग चालायच्या. माझा बॉस तिच्या बॉसला ओळखायला लागला तेव्हा अदिती म्हणाली, "एक तर घर मोठं कर, नाहीतर एक नवरा कमी कर." म्हणून आम्ही सिडनीपासून दोन तासांवरच्या एका डोंगरी गावात भाड्यानं घर घेतलं. थंडी मरणाची. सकाळी गवत पांढरं व्हायचं आणि गाडीची काच खरवडावी लागायची. घरमालक ब्रायन हा सत्तरीचा शेतकरी होता आणि घरामागच्या उतारावर त्याच्या गाई चरायच्या.

राहायला गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी कुंपणापलीकडून फोडणीचा वास आला. मोहरी, हिंग, कढीपत्ता. या गावात मोहरी कोण तडतडवतंय, म्हणून मी जाऊन दार वाजवलं. दार साखळी न काढता चार बोटं उघडलं. मास्क, त्यावर जाड चष्मा, त्यावर पिकलेले केस.

"मराठी का?" मी मोठ्या आनंदानं विचारलं.

"कोणी सांगितलं?"

"फोडणीचा वास आला."

"वास घेत फिरतो का?"

मी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, पुण्यातली पेठसुद्धा सांगून टाकली. त्या म्हणाल्या, "मी कमल."

"कमल...?" असं म्हणून मी थांबलो. आपण सगळेच थांबतो तसं, पुढची जागा रिकामी ठेवून.

चष्म्यामागचे डोळे बारीक झाले. "आता पुढचं हुंगायचं आहे का?" आणि दार बंद झालं. मग आतून एक कडी, दुसरी कडी, तिसरी कडी. घरी येऊन सांगितलं तर अदितीनं कपाळावर हात मारला. "तू 'कमल'नंतर जागा सोडलीस ना? तुझी ती सवय मला चांगली माहितेय." कमलताई मूळच्या नागपूरच्या, हे त्यांच्या बोलण्याच्या सुरावरून नंतर कळलं. पुढचं नाहीच कळलं.

कळायला त्यांनी वावच ठेवला नव्हता. त्यांच्या टपालपेटीवर फक्त घराचा नंबर होता. आलेल्या खोक्यांवरचं नाव त्या काळ्या मार्करनं गिरगटून टाकायच्या, वर चिकटपट्टी लावायच्या आणि मगच खोकी रिसायकलच्या डब्यात टाकायच्या. किराणा दोन दिवस व्हरांड्यात उन्हात पडलेला असायचा, विषाणू मरावा म्हणून. दुकानात शिरताना फोननं स्कॅन करायचा तो चौकोन आला तेव्हा त्या दुकानदाराला विचारत होत्या, "हे वाचतं कोण? आणि वाचून करतं काय?" त्या बिचाऱ्यालाही ते माहीत नव्हतं.

आणखी एक सवय होती. त्या कुणालाही आपल्या मागे चालू द्यायच्या नाहीत. रस्त्यात भेट झाली आणि दोघांना एकाच दिशेनं जायचं असलं की म्हणायच्या, "तू हो पुढं." दारातून आत जातानासुद्धा त्या तोंड आपल्याकडे ठेवून उलट्या पावलांनी आत जायच्या. दुकानात दोन माणसांत दीड मीटर अंतर सक्तीचं झालं तेव्हा सगळं गाव वैतागलेलं असताना कमलताई एकट्या खूश होत्या. "पहिल्यांदा या सरकारला काही अक्कल आली बाप्पा," म्हणाल्या.

त्या अनेक वर्षं सिडनीत सॉफ्टवेअर टेस्टर होत्या. महासाथीत नोकरी गेली, तेव्हा शिल्लक होतं ते घालून इथलं छोटं घर घेतलं. मी डेव्हलपर आहे हे कळल्यावर त्यांना माझ्याबद्दल जरा बरं वाटलं असावं. शत्रू निदान ओळखीचा निघाला. "तुमच्यासारखा माणूस 'चालून राहिलं' म्हणतो ना," त्या कुंपणापलीकडून म्हणाल्या, "तिथून माझं काम सुरू व्हायचं." हा माणूस धोकादायक नाही, नुसता बावळट आहे, असा माझ्याबद्दलचा निष्कर्ष काढायला त्यांना सात-आठ महिने लागले. त्यानंतर त्या कुंपणाशी येऊन बोलायला लागल्या.

दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी त्यांनी पहिल्यांदा आमच्याकडे काहीतरी मागितलं. "आइस्क्रीमच्या डब्याची झाकणं आहेत का?"

"डबे देतो ना, धुतलेले आहेत."

"डबे नको. झाकणं."

परदेशातल्या मराठी घरात आइस्क्रीमचा डबा काय असतो हे बाहेरच्याला कळणार नाही. त्यात इडलीचं पीठ असतं, वाटलेलं खोबरं असतं, आईनं पाठवलेला गोडा मसाला असतो. आइस्क्रीम कधीच नसतं. असल्या डब्याचं झाकण मागणं म्हणजे भांड्याचं बूड मागण्यासारखं. अदितीनं जड हातानं तीन दिली. पुढच्या आठवड्यात त्यांनी दुधाच्या बाटल्यांची बुचं मागितली. आम्ही रोज जेवताना तर्क लढवायला लागलो.

मग एक दिवस शेतीच्या सामानाच्या दुकानात मी त्यांना पाहिलं. हातात कॅन, त्यावर गाईचं चित्र. गुरांच्या पाठीवर ओतायचं औषध. त्या दिवसांत फोनवर एकच विषय होता: जनावरांचं औषध पिऊन कोविड टाळणारे लोक. दुकानदारानं तर 'हे माणसांसाठी नाही' अशी पाटीच लावली होती. मी घरी येऊन सांगितलं. अदिती म्हणाली, "तरीच बुचं! बुचानं मोजून घेत असतील." आम्हाला अगदी कोडं सुटल्यासारखं वाटलं. शेवटी न राहवून मी कुंपणाशी गेलो.

"कमलताई, लस घेतलीत ना?"

"दोन्ही झाल्या. काहून?"

"नाही, ते गुरांचं औषध..."

त्या आधी माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग हसल्या. वर्षभरात पहिल्यांदा हसताना पाहत होतो. "मी टेस्टर आहे रे. मी टेस्ट न झालेलं पीत नसते."

"मग ते कशाला?"

हसू पुसलं गेलं. "तू ब्रायनच्या घरात राहतो ना?" एवढंच म्हणाल्या आणि उलट्या पावलांनी आत गेल्या. तीन कड्या.

पुढे काही दिवस मी त्यांना सकाळच्या धुक्यात ब्रायनच्या कुंपणाकडे जाताना पाहत होतो. पायात गमबूट, हातात तारेला लटकवलेली आमची झाकणं. विचारायची सोय नव्हती.

ऑगस्टमध्ये गावातल्या सुपरमार्केटमध्ये एक बाधित माणूस येऊन गेला. त्याच वेळी कमलताई तिथे होत्या. ज्या चौकोनावर त्यांचा विश्वास नव्हता त्यानंच चहाडी केली आणि फोनवर हुकूम आला: दोन आठवडे घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. त्याच दिवशी कुंपणापलीकडून डावानं ठणाठणा पातेलं बडवल्याचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर कमलताई खिडकीच्या काचेआड उभ्या होत्या. खिडकी बोटभर उघडी होती.

"तुला एक काम सांगायचं आहे," त्या म्हणाल्या. मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. दुसरं कुणी आहे का, याचा विचार चालला असावा. दुसरं कुणी नव्हतं.

ब्रायनच्या उतारावर, नाल्याच्या काठी एक वॉम्बॅट राहते. छोटं अस्वल आणि डुक्कर यांच्या मधलं, आखूड पायांचं, थंड मुलखातलं जनावर. जमिनीखाली लांब बिळं खणतं, रात्री गवत खातं. कमलताई तिला 'सासू' म्हणायच्या. "आपण दिसलो की तोंड फिरवून बसते ना, म्हणून. मला खरी सासू कधी वाट्याला आली नाही, लग्नच नाही केलं." सासूला खरूज झाली होती. अंगावरचे केस झडून कातडीवर जाड खपल्या धरल्या होत्या, डोळे चिकटून येत होते. केस नाहीत म्हणून रात्रीची थंडी सोसत नाही, मग ती भर दिवसा उन्हाला बाहेर येते. आणि वॉम्बॅट भर दिवसा दिसली की समजायचं, तिचं भरत आलंय.

औषध आहे. तेच, गाईच्या चित्राचं. पण देणार कसं? वॉम्बॅट अंगाला हात लावू देत नाही. म्हणून बिळाच्या तोंडाशी तारेची चौकट रोवायची, तिच्यात आइस्क्रीमचं झाकण दारासारखं लोंबतं ठेवायचं आणि झाकणावर बुचात औषध भरायचं. ती झाकण ढकलून जाते तेव्हा बूच कलंडतं आणि औषध पाठीवर पडतं. दर आठवड्याला एकदा, महिनोन्‌महिने. एकदा चुकलं की अंड्यांतून नवे किडे निघतात आणि पहिल्यापासून सगळं.

"तिच्या पिशवीत पिल्लू आहे," कमलताई म्हणाल्या. "पिशवीचं तोंड मागं असते, माती खणताना आत जाऊ नये म्हणून. मी पाहिलं आहे, पाय दिसून राहिला होता. ही गेली तर तेही गेलं."

"पण हे ब्रायनला सांगितलं का नाहीत? जमीन त्याची आहे."

"त्याले सांगितलं तर गोळी घालेल. दया म्हणून घालेल. इथं खरूज झालेली दिसली की तेच करतात." मग आवाज खाली गेला. "आणि कोणीतरी माझी झाकणं उपटून फेकून राहिलं आहे. तीनदा झालं. दुसरं कोण असणार?"

मी जायला निघालो तेव्हा त्यांनी पहिल्यांदा फोन नंबर दिला. "सेव्ह करायचा नाही. पाठ कर." मी शाळेतल्यासारखा तीनदा म्हणून दाखवला.

बीळ सापडलं. बाजूच्या दगडावर लेंड्या होत्या, चौकोनी, फाशांसारख्या. त्या घरंगळत नाहीत म्हणून वॉम्बॅट त्या मुद्दाम उंचावर ठेवते. चौकट उपटून चिखलात फेकलेली होती. मी ती पुन्हा रोवली, बूच भरलं आणि कमलताईंनी शिकवल्याप्रमाणे बिळाच्या तोंडाशी बारीक काड्या उभ्या केल्या. काड्या पडल्या म्हणजे ती ये-जा करून गेली.

परत आल्यावर खिडकीपाशी माझी उलटतपासणी झाली. बूच कडेपर्यंत भरलं का? झाकण वाऱ्यानं हलतं का? काड्या किती लावल्या? लेंड्या ताज्या होत्या का? मी म्हटलं, "लेंड्या मी कशाला तपासू?"

"ती तिची नावाची पाटी आहे. येणारी-जाणारी दुसरी वॉम्बॅट हुंगते आणि इथं कोण राहतं ते समजून घेते." त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "आपल्या लोकांसारखंच."

मग त्यांनी आपणहूनच सांगितलं, एका दमात, माझ्याकडे न बघता. पॅरामॅटाच्या ऑफिसात त्या मराठी मुलींच्या घोळक्यात जेवायला बसायच्या. डब्यांची देवघेव चालायची, सणाला एकमेकींकडे जाणं व्हायचं. एक दिवस त्या टेबलावर चष्मा विसरल्या आणि घ्यायला परत गेल्या. "मी मागं उभी. आणि ह्या माझं आडनाव चघळून राहिल्या होत्या. त्या आडनावाची माणसं कोण असतात, आणि मी आणलेली भाजी कोणी कोणी खाल्ली. हसून राहिल्या होत्या रे. चष्मा तसाच ठेवून आली मी. त्या दिवसापासून पाठ कोणाला देत नाही."

लाज वाटली, पण नुसती लाज वाटून त्यांचा काय फायदा! "उद्या परत बघून येतो," एवढं म्हणून मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी उतारावर पोचलो तर ब्रायनची गाडी तिथेच उभी होती. ब्रायन बॉनेटला टेकून उभा होता आणि त्याच्या हातात बंदूक होती. नाल्याच्या पलीकडे, उन्हात, सासू बसली होती. आमच्याकडे पाठ करून. मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. खपल्यांनी भरलेलं, भेगाळलेलं, मातीच्या ढेकळासारखं काहीतरी. खरं सांगतो, पाहून माझ्याही मनात आलं की गोळीच बरी.

"मागे थांब, मेट," ब्रायन हळू आवाजात म्हणाला. "हाल चाललेत तिचे. आणि तुझ्या शेजारणीला सांग, तिचे सापळे मला माहीत आहेत."

"सापळे?"

"बिळांवर प्लॅस्टिक लावते ती. तीन उपटले मी. काल चौथा. पकडून करते काय यांचं? खाते?"

म्हणजे कमलताई सासूला वाचवत होत्या ब्रायनपासून, आणि ब्रायन सासूला वाचवत होता कमलताईंपासून. आणि दोघांच्या राखणीत सासू मरायला टेकली होती. मी पाठ केलेला नंबर लावला. एकदा एक आकडा चुकला. फोन स्पीकरवर टाकला आणि मराठीत घाईघाईनं सगळं सांगितलं. 

मग कमलताई इंग्रजीत बोलायला लागल्या. आवाज अगदी ऑफिसातला होता, एखाद्या डेव्हलपरची चूक त्याच्याकडूनच वदवून घेताना असेल तसा.

"ब्रायन, बंदुकीच्या दुर्बिणीतून बघा. खांद्यांच्या मध्ये. काय दिसतं?"

"खपल्या."

"त्यांच्या कडेला?"

ब्रायननं बंदूक खांद्याला लावली आणि डोळा दुर्बिणीला. तो बराच वेळ तसाच उभा राहिला. सासूनं जागच्या जागी अंग खाजवलं.

"लव आलीय," तो शेवटी म्हणाला. "नवी लव."

"ती माझ्या सापळ्यांनी आलीय. तुम्ही उपटले नसते तर आता केस आले असते. तिच्या पिशवीत पिल्लू आहे. आता काय ते तुम्ही ठरवा."

ब्रायननं बंदूक खाली घेतली आणि गोळी काढून खिशात टाकली. मग फोनकडे वाकून म्हणाला, "हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत?"

यावर ब्रायननं टोपी काढून डोकं खाजवलं. "नाही," म्हणाला. "ते खरंय."

त्यानंतर नाल्याकाठच्या दुसऱ्या बिळावर ब्रायननं स्वतः चौकट बसवली. बूच म्हणून त्यानं बिअरच्या बाटलीचं झाकण लावलं. हे ऐकून कमलताई बदलल्या वगैरे असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. "बिअर राहिली असेल त्यात. धुतलं का विचार. आणि माप कमी पडते त्याच्यात," त्या काचेआडून म्हणाल्या. मी विचारलं. धुतलेलं नव्हतं. मापही कमीच पडत होतं, ब्रायननं दोन झाकणं लावली. दोन आठवडे संपले तेव्हा त्या घरातून बाहेर आल्या आणि थेट आम्ही दोघांनी केलेलं काम तपासायला गेल्या. माझ्या काड्या फार जाड निघाल्या.

वसंत आला, गेला. नव्या वर्षात माझ्या ऑफिसनं परत बोलावलं आणि आम्ही गिरावीनला घर बघितलं. सामान निघायच्या आदल्या दिवशी, ऊन उतरल्यावर, कमलताई कुंपणाशी आल्या. "चला. सासूची सून बघायची असेल तर आत्ताच," म्हणाल्या. अदिती आणि मी चपला घालून निघालो. त्या फाटकाशी थांबल्या होत्या, नेहमीसारख्या, आम्ही पुढे व्हावं म्हणून बाजूला सरकून.

आम्ही त्यांच्याजवळ पोचलो तेव्हा त्या अचानक मला म्हणाल्या, "आता विचार."

"काय?"

"आडनाव. उद्या तू जाऊन राहिला. विचारायचं तर आता विचार, सांगते मी."

खोटं कशाला सांगू, जिभेवर आलं होतं. दोन हिवाळे ती रिकामी जागा माझ्या डोक्यात खाजत होती. अदिती माझ्याकडे बघत होती.

"नको, कमलताई," मी म्हटलं. "राहू दे."

"काहून?"

"लागत नाहीये."

यात काही डाव आहे का, हे त्या चष्म्यातून बराच वेळ तपासत राहिल्या. टेस्टरच त्या. ब्रायनच्या गाई तिकडे हंबरत होत्या. मग त्यांनी फाटक ढकललं.

खाली नाल्याकाठी सासू चरत होती, अंगभर दाट तपकिरी केस, आणि तिच्या मागे टोपलीएवढं एक पिल्लू गवतात तोंड खुपसून होतं. पण खरं सांगायचं तर मी त्या मायलेकरांकडे नीट पाहिलंच नाही. मी बघत होतो कमलताईंकडे. पिकल्या केसांची बारीक वेणी, स्वेटरचं मागे उलटं राहिलेलं लेबल, डावा खांदा जरासा खाली. हे सगळं मी पहिल्यांदाच पाहत होतो, कारण कमलताई आमच्या पुढे चालत होत्या. नाल्यापर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.